सेनापतीची नखं

नवरा घोरत होता तेव्हा मी त्याची नखं कापली. आधी हातांची, मग पायांची. आमच्या राज्यात याचा अर्थ एकच होतो. मी माझा नवरा मारला.

सुरी फक्त नखांनाच लागली, घाबरू नका. पण लढाईवर निघालेल्या सेनापतीला आम्ही जिवंत पाठवत नाही. पूर्वजांच्या देवळात राजा त्याच्या हातात कुऱ्हाड देतो. मग प्रेताची कापतात तशी त्याची नखं कापतात, तागाचं जाडंभरडं पांढरं कापड अंगावर घालतात आणि राजवाड्याच्या उत्तरेच्या भिंतीत त्याच्या मापाचं एक भोक पाडलेलं असतं, त्यातून त्याला बाहेर घालवतात. त्याला मेलेल्यांचं दार म्हणतात. दाराच्या अलीकडे तो राजाचा नोकर. राजाने बस म्हटलं की बसायचं, मर म्हटलं की मरायचं. पलीकडे गेला की मेला, आणि मेलेल्याला कोणाचा बाप हुकूम सोडू शकत नाही. लढाई संपेपर्यंत राजाचा शब्द त्याला लागू नाही. आमच्या पूर्वजांनी केलेली एवढी एकच शहाणपणाची गोष्ट. बाकीचे सगळे नियम दरबारात कोणी कोणत्या चटईवर बूड टेकायचं याचे आहेत.

माझ्या नवऱ्याचं नाव फान जुई. डुकरं हाकणाऱ्याचा मुलगा. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि लढाईत असा उभा राहतो की त्याच्यामागच्या माणसांना पळायची लाज वाटते. त्याला दोनच गोष्टी येत नाहीत. एक पोहणं आणि दुसरं नको म्हणणं. पोहता येत नाही म्हणून तो नदीचा मान राखतो, हे चांगलं. नको म्हणता येत नाही, त्याने मात्र आमचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

कारण महामंत्री झोंगली. या माणसाने आयुष्यात कधी कोणाला शिवी दिलेली नाही आणि कधी कोणाचं भलंही केलेलं नाही. त्याचा मेहुणा श्यू लान. मागच्या लढाईत सेनापती हाच होता. काळ्या नदीवर पोचल्यावर पोरं चिलखतं सोडायला लागली, तर हा म्हणाला की शत्रूसमोर कपडे काढणं असभ्य दिसतं. चिलखतासकट उतरवलं सगळ्यांना. माझा थोरला भाऊ त्यात होता. तो अजून तळाशीच आहे. श्यू लान स्वतः वरच्या अंगाच्या पुलावरून गेला आणि घोडा, तंबू आणि स्वयंपाकी एवढी फौज सुखरूप घेऊन परत आला. दरबाराने चौकशी केली. दोष नदीचा निघाला. नदीला फटक्यांची शिक्षा झाली, आणि खोटं वाटेल, पण दोन शिपाई काठावर उभे राहून पाण्याला चाबकाने मारत होते आणि एक कारकून मोजत होता.

आता पुन्हा तीच नदी, तोच शत्रू. या वेळी माझा धाकटा भाऊ शाओ पहिल्या फळीत आहे. आमच्या कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतली सगळीच पोरं पहिल्या फळीत असतात, कारण पहिली फळी ही मानाची जागा आहे असं मागे उभे राहणारे लोक सांगतात.

राजाने कुऱ्हाड माझ्या नवऱ्याला दिली ती निव्वळ नशिबाने. आमचा राजा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याचा जीव झुंजीच्या कोंबड्यांत आहे. त्या सकाळी त्याचा लोखंडचोच नावाचा कोंबडा जिंकला होता. तो खुशीत होता, समोर फान जुई उभा होता, दिली कुऱ्हाड. झोंगली तेव्हा सर्दीने घरी होता. सर्दी बरी झाली आणि त्याचं काम सुरू झालं. राजाचं मन फिरवायला त्याला दहा-बारा दिवस हवे होते, तेवढे दिवस फान जुई दाराच्या अलीकडे राहायला हवा होता. दुसरा कोणी असता तर खोटे आरोप ठेवले असते, विष घातलं असतं. झोंगलीने निरोपाचं जेवण घातलं.

इथे कोणालाही कशालाही नाही म्हणता येतं, निरोपाच्या पेल्याला नाही. तो नाकारला की यजमानाच्या सात पिढ्यांच्या थडग्यांवर थुंकल्यासारखं. झोंगलीने पहिलं जेवण दिलं, मग त्याच्या चुलतभावाने, मग खजिनदाराने, मग तबेल्याच्या अधिकाऱ्याने, मग ज्यांची नावंही आम्ही ऐकली नव्हती अशा लोकांनी. कासवाचा रस्सा, तितर, आंबवलेल्या डाळीतलं डुकराच्या पोटाचं मांस, वाफेवरचे राळ्याचे गोळे आणि राळ्याचीच दारू. प्रत्येक जण डोळे पुसत म्हणायचा, सेनापती, पुन्हा भेट होईल न होईल, एवढा एक घास. आणि माझा नवरा, भोळा बैल, त्याच्याही डोळ्यांत पाणी यायचं आणि तो तो घास घ्यायचा.

राजज्योतिषी रोज सकाळी कासवाचं कवच विस्तवावर धरायचा. कवच तडकायचं. तड डावीकडे गेली तरी आज प्रस्थान नको, उजवीकडे गेली तरी नको. एकदा कवच तडकलंच नाही, तेव्हा तर अजिबातच नको.

मला यातला डाव कळला तो झोंगलीच्या बायकोकडे. निरोप घ्यायचा म्हणून तिने आम्हा बायकांना बोलावलं होतं. तिच्या मुली खिडकीपाशी बसून एका लाल झग्यावर वाघ भरत होत्या. सेनापतीचा झगा. मला वाटलं, वा, एवढी माया. मग मी झगा नीट पाहिला. त्यात माझ्या नवऱ्याचा एक दंड मावला असता.

"हा कोणासाठी?" मी विचारलं.

पोरगी म्हणाली, "मामासाठी. परवा लागणार आहे ना."

तिच्या आईने तिला असा चिमटा काढला की सुई बोटात गेली. मग माझ्याकडे वळून ती गोड हसली आणि म्हणाली, "मेंगशी, तू काहीच खाल्लं नाहीस."

मी खाल्लं. चांगलं पोटभर खाल्लं, कारण राग आला की मला भूक लागते. खाता खाता एकच विचार करत होते. परवाच्या आत याला भिंतीपलीकडे घालवायचा. नाहीतर शाओ चिलखत घालून पाण्यात उतरणार, आणि ज्याच्या हातून कुऱ्हाड काढून घेतात त्या सेनापतीला घरी पेन्शन देऊन बसवत नाहीत, त्याला गळ्याला लावून घ्यायला एक रेशमी दोरी पाठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरीला धार लावली.

नियम असा आहे की नखं कापलेलं प्रेत सूर्य मावळल्यावर नगरात ठेवत नाहीत. ठेवलं तर ते सोबतीला नगरातला सगळ्यात मोठा माणूस नेतं. म्हणजे राजा. आता कासवाने काहीही सांगितलं तरी त्या संध्याकाळच्या आत फान जुईला दारातून जावंच लागणार होतं. नखं कोणी कापावीत हे कुठेच सांगितलेलं नाही. आजवर राजपुरोहित कापायचा, कारण बायकोने कापावीत असं कोणा बायकोच्या डोक्यात आलं नव्हतं. कोणाला घाई असते आपल्या नवऱ्याच्या मरणाची.

तो उठला, डोळे चोळायला गेला आणि बोटांकडे पाहत राहिला.

"अगं, हे काय केलंस?"

"विधवा झाले," मी म्हणाले. "उठा. मेलेल्याने इतकं घोरू नये."

तो अंथरुणात बसला. पोट मांडीवर आलं. म्हणाला की आज दुपारी धान्याच्या कोठाराच्या अधिकाऱ्याकडे निरोपाचं जेवण आहे, तो बिचारा काय म्हणेल. मी त्याला लाल झग्याचं सांगितलं. किती अरुंद होता ते हातांनी दाखवलं. रागावला की तो गप्प होतो, आणि तो गप्प झाला की आमचं कुत्रं बाहेर जातं.

मग म्हणाला, "शाओ पहिल्या फळीत आहे."

"म्हणूनच कापली."

"मला निदान विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, उद्या कापू, आज जेवण आहे."

तो हसायला लागला. त्याचं हसू पोटातून सुरू होतं आणि वर यायला वेळ लागतो. मलाही हसू आलं. मी त्याला तागाचं पांढरं कापड नेसवत होते, ते दोन्ही बाजूंनी पुरत नव्हतं, मी ओढत होते, तो श्वास आत घेत होता, आणि आम्ही दोघं लग्नाच्या रात्रीसारखे हसत होतो. तेवढ्यात माझं हसू थांबलं. कापड कुऱ्हाड दिली त्या दिवसाच्या मापाचं होतं. भिंतीतलं भोकही.

आणि भोक मोठं करता येत नाही. पाडून झालं की छिन्न्या विहिरीत टाकतात. मेलेल्यांच्या दाराला दुसऱ्यांदा छिन्नी लावली की दुसरं प्रेत निघतं, असं मानतात, आणि ते कोणाचं, हे मी मघाशी सांगितलंच.

"श्वास बाहेर सोडून जाईन," नवरा म्हणाला.

"श्वासाचं नाही हो, डुकराच्या मांसाचं काय?"

बातमी आमच्या आधी राजवाड्यात पोचली. नखं कापलेला माणूस रस्त्याने चालला की लोक बाजूला होऊन पाठ फिरवतात, तसे ते झाले, पण खांदे हलत होते सगळ्यांचे. पांढऱ्या कापडातून मागे अर्धी पाठ उघडी, हातात ती अवजड कुऱ्हाड, पायांत गवती चपला, आणि शक्य तितकं मेलेलं तोंड करून चाललेला माझा नवरा. मागे मी मोकळ्या केसांनी. माझ्यामागे आमची सगळी गल्ली, कारण मेलेल्याच्या शेजारणींना रडायला आत सोडावंच लागतं. ज्यांची पोरं पहिल्या फळीत, त्या सगळ्या आल्या होत्या. कातडी भिजवणारी म्हातारी चियाओ मला म्हणाली, "नखं नीट कापलीस ना? करंगळीची राहतात." मी म्हटलं, करंगळीची दोनदा कापली.

उत्तरेच्या भिंतीपाशी झोंगली उभा होता. पुढ्यात चूल, चुलीवर मोठं पातेलं, त्यात चरबीत शिजलेलं डुकराचं मांस. हातात पेला. शेजारी राजज्योतिषी, त्याच्या काखेत अख्खं कासव. झोंगली वाकून म्हणाला की एवढी घाई पाहून मन भरून आलं, पण शेवटचा एक पेला, शेवटचा एक घास, आणि कासवाला फक्त एकदा विचारू.

माझ्या नवऱ्याचा हात पेल्याकडे गेला. सवय. मी तो हात खाली केला.

"महामंत्री, मेलेला माणूस पीत नाही," मी म्हणाले. "आणि मेलेल्याला मुहूर्त कशाला? मरायचा तर निघून गेला."

मागे शेजारणींतून कोणीतरी फिसकन हसली. झोंगलीने माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणून मी त्याला आजवर भिंतीसारखी दिसत होते, आज त्या भिंतीला तोंड फुटलं होतं. त्याने एका धावणाऱ्याला कोंबड्यांच्या आवाराकडे पाठवलं. राजाचं मन फिरलेलं होतं, फक्त कुऱ्हाड काढून घ्यायच्या हुकुमावर शिक्का उमटायचा होता. आमचं नशीब एवढंच की लोखंडचोचची झुंज चालू होती आणि झुंज अर्धी सोडून राजा स्वतःच्या बापाच्या मयतालाही उठला नव्हता.

मी नवऱ्याला म्हटलं, "शिरा."

तो आधी डोकं घालून शिरला. भिंत कुटलेल्या मातीची, जाडी हातभर. डोकं गेलं, खांदे तिरके करून गेले. पलीकडून त्याचा उपसेनापती गाओ हात धरून ओढत होता. बाहेर सगळी फौज उभी, आणि मेलेला बाहेर पडेपर्यंत फौजेने आवाज करायचा नसतो. मग पोट आलं. पोट आलं आणि फान जुई थांबला.

गाओने ओढलं. आम्ही ढकललं. माती भुरुभुरु पडली. तो काही हलला नाही. भिंतीच्या या बाजूला माझ्या नवऱ्याचा कमरेखालचा भाग तेवढा उरला, पांढऱ्या कापडात, गवती चपलांसकट. राज्याची इज्जत, सैन्याचा कणा, सगळं त्या भोकात, आणि अलीकडे राहिलं ते हे.

तेवढ्यात हुकूम आला. धावत, धापा टाकत, लाल फीत लावलेला. हुकूम आणणारा थांबला, त्याने वाचायला म्हणून गुंडाळी उघडली आणि समोर पाहिलं. राजाचा हुकूम गुडघे टेकलेल्या माणसाच्या तोंडासमोर वाचायचा असतो. गुडघे होते. तोंड नव्हतं.

आता जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. राजपुरोहित पुढे आला. म्हणाला की कान पलीकडे आहेत, कान मेलेले आहेत, हुकूम ऐकवणार कोणाला? झोंगली म्हणाला की गुडघे अलीकडे आहेत, आणि हुकूम गुडघ्यांनी घेतात. ज्योतिषी म्हणाला की जीव काळजात असतो, काळीज नेमकं कुठे अडकलंय ते पाहावं. झोंगलीने मग शांतपणे निकाल दिला. माणूस जिथे त्याचं पोट तिथे, आणि पोट भिंतीच्या अलीकडे आहे. सेनापती जिवंत आहे. वाचा.

हुकूम आणणाऱ्याने घसा खाकरला, गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या नवऱ्याच्या ढुंगणाला वाकून नमस्कार केला.

राज्यकर्ते असे असतात. तीन हजार पोरांनी बुडायचं की नाही, ते ही माणसं एका ढुंगणासमोर उभी राहून ठरवत होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. हसत होतो ते आम्हीच, ज्यांची पोरं बुडणार होती.

"फान जुई यांस," त्याने वाचायला सुरुवात केली.

मी रडले.

मयताचं रडणं आमच्याकडे मेलेला दारापलीकडे गेला की बायको सुरू करते, आणि ते सुरू झालं की कोणी बोलायचं नाही, डोक्यावरचं काढून ठेवायचं, कपाळ जमिनीला लावायचं. राजानेसुद्धा. मी वाट पाहिली नाही. पोटातून, कातडी भिजवायच्या कुंडावरून पलीकडच्या काठाला हाक मारतात तसला आवाज काढला. चियाओ म्हातारीने लगेच उचलला. मग सगळ्या गल्लीने. हुकूम आणणाऱ्याचं तोंड उघडझाप करत होतं, शब्द ऐकू येत नव्हता. पुरोहिताला सवयच ती, त्याने टोपी काढून कपाळ टेकलं. ज्योतिषी टेकला. कासव सुटलं आणि चालू लागलं. शिपाई टेकले. झोंगली उभा राहून हात हलवत होता, अजून नाही, अजून नाही, पोट अलीकडे आहे, असं काहीतरी त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

मी रडता रडता त्याच्या चुलीपाशी गेले. पातेल्यातली चरबी कोमट झाली होती. दोन्ही हातांनी काढली आणि नवऱ्याच्या पोटाभोवती, जिथे जिथे बोटं शिरली तिथे, फासली. महामंत्र्यांचं निरोपाचं जेवण. पहिल्यांदा योग्य जागी पडलं.

चियाओ आणि दुसऱ्या दोघी ढकलायला आल्या. मी त्याचे पाय धरले. आणि मग माझ्या लक्षात आलं की निरोप असा घ्यायचा राहूनच गेला. इतके दिवस सगळं नगर त्याला निरोप देत होतं, आमच्या दोघांत तेवढा झाला नव्हता. पलीकडे गेलेल्याने मागे वळून पाहायचं नसतं, बोलायचं नसतं. चपला टाचांवरून घसरल्या होत्या, माझ्या हातात आता फक्त तळवे होते. टाचांना भेगा, उजव्या अंगठ्यावर ती जुनी जखम. रडण्याच्या गदारोळात मी तळव्यांना तोंड लावून म्हणाले, "शाओला चिलखत घालून पाण्यात उतरवू नका. आणि तुम्ही तर मुळीच उतरू नका, तुम्हाला पोहता येत नाही."

उजवा अंगठा हलला. दोनदा. आमच्या अंथरुणात त्याचा अर्थ कळलं असा होतो, आणि झोप आता, असाही होतो.

तेवढ्यात मागे सगळे अधिकच सपाट झाले. राजा आला होता. काखेत लोखंडचोच, रक्ताने माखलेला, जिंकलेला, आणि राजाचा चेहरा असा खुललेला की बस. त्याने भिंतीतून आलेले पाय पाहिले, चरबी पाहिली, रडणाऱ्या बायका पाहिल्या. मग टोपी काढली. तेवढं वळण त्याला होतं. माझ्याकडे वाकून त्याने विचारलं,

"मेला का?"

मी रडणं थांबवलं नाही, फक्त खाली आणलं.

"मेला, महाराज."

"बरं," राजा म्हणाला, आणि कोंबड्यासकट कपाळ जमिनीला लावलं.

मग झोंगलीला टेकावंच लागलं. मी पाहिलं, आधी एक गुडघा, मग दुसरा, मग ती कोरलेली टोपी. त्याचं कपाळ मातीला लागलं त्याच क्षणी चियाओ म्हातारीने खांदा लावला आणि माझ्या हातातून ते पाय निसटले. असा आवाज झाला, जसं मडक्याच्या तोंडातून बूच निघावं. उजवी चप्पल माझ्या हातात राहिली. पलीकडे काहीतरी जड पडलं, गाओ ओरडला, आणि गप्प उभी राहायची ती सगळी फौज हसली. भिंतीवरची माती पडेपर्यंत हसली. त्या हसण्यात मला शाओचं हसू ओळखू आलं. तो हसताना घोड्यासारखा फुरफुरतो.

हुकूम आणणाऱ्याने मला हळूच विचारलं, आता हे कुठे देऊ? मी म्हटलं, प्रेताला द्या. त्याने भोकातून डोकावून पाहिलं आणि गुंडाळी बाहीत घातली.

काळ्या नदीवरची बातमी मिठाच्या व्यापाऱ्यांनी आणली. फौज पार झाली. चिलखतं सोडून, कपडे सोडून, सगळे उघडे, आणि चिलखतं फुगवलेल्या बकऱ्यांच्या कातड्यांवर बांधून. कातडी आमच्या गल्लीतली. पलीकडचा शत्रू इतकी उघडी माणसं एकदम पाहून आधी हसला म्हणे, आणि मग त्याचं हसणं संपायच्या आत आमची पोरं काठावर होती. सेनापतीला शाओने सगळ्यात मोठ्या कातड्यावर पालथा झोपवला आणि दोरीने ओढत नेला. श्यू लान म्हणाला की हे असभ्य आहे. तो अजून लाल झगा घालून कोंबड्यांच्या आवारात हिंडतो, आणि एक कोंबडा त्याच्यावर डूख धरून आहे.

लढाई संपलेली नाही. नवरा परत येईल की नाही, मला माहीत नाही, आणि खोटं सांगणार नाही. जिवंत परतणाऱ्याने मोठ्या दरवाजापाशी वाढलेली नखं दाखवायची असतात, तेव्हाच आत घेतात. आतापर्यंत त्याची बरीच वाढली असतील. त्याला स्वतःला कापता येत नाहीत.

तोवर मी विधवा आहे, आणि विधवेचेही काही नियम आहेत. मयताच्या रडण्याला ज्याने कपाळ टेकलं, त्याने दुखवट्याला यायचं आणि मेलेल्याच्या बायकोच्या हातचं जेवल्याशिवाय जायचं नाही. नाही म्हटलं तर माझ्या सात पिढ्यांवर थुंकल्यासारखं. झोंगली दर चार दिवसांनी येतो. मी चटई टाकते, डोळे पुसते आणि वाढते. काल त्याच्या कमरेचा पट्टा दुसऱ्या भोकावर गेला होता.

"मेंगशी, पुरे," तो म्हणाला.

"महामंत्री," मी म्हणाले, "एवढा एक घास."